तीनशे कोटी वर्षांचा वर्ग

बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी घरांत एक तक्रार हटकून ऐकू येते. इथली हवा छान, पण डोंगर नाहीत. पुण्यात होतो तेव्हा रविवारी सिंहगड होता, पावसाळ्यात लोहगड-विसापूर होते. इथे पोरांना न्यायचे कुठे? ही तक्रार ज्या गावात बसून केली जाते ते गावच समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. लोहगडाचा माथा त्याच्याहून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर वर. उत्तरेला साठेक किलोमीटरवर नंदीदुर्ग आहे, १,४७८ मीटर, म्हणजे तोरण्यापेक्षा उंच. पश्चिमेला सावनदुर्ग, १,२२६ मीटर. शिवाय रामनगरचे कातळ, तुमकुरूच्या वाटेवरची शिवगंगा, दोड्डबळ्ळापूरकडचा मकळीदुर्ग, कोलारजवळची अंतरगंगा. डोंगर भरपूर आहेत. ते नजरेत भरत नाहीत, कारण डोंगराकडे पाहायची जी रीत आपण लहानपणी शिकलो ती इथे चालत नाही.

ती रीत गडाची आहे. मराठी मूल डोंगराला भेटते ते इतिहासाच्या बोटाला धरून. इथून कोण चढले, हा दरवाजा कुणी लढवला, या टाक्याचे पाणी किती शिबंदीला पुरत होते. या रीतीने आपल्या तीन-चार पिढ्या घराबाहेर काढल्या, त्यांना पायपीट शिकवली, आणि त्याबद्दल गो. नी. दांडेकरांपासून आजच्या गिर्यारोहण संस्थांपर्यंत सगळ्यांचे ऋण आपल्यावर आहे. पण त्या भरात खुद्द डोंगर मागे राहतो. पायाखालचा दगड कोणता, कड्याच्या खाचेत वाढलेले झुडूप कोणते, हे विचारायला कुणाला उसंत नसते. घोषणा द्यायच्या असतात. बेंगळुरूच्या डोंगरांनाही इतिहास आहेच. नंदीदुर्ग आणि सावनदुर्ग हे दोन्ही बेलाग किल्ले कॉर्नवॉलिसच्या फौजेने १७९१ मध्ये टिपूकडून घेतले. त्याच्या दीडशे वर्षे आधी, १६३८ नंतर, बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे होती. तरी या नावांनी मराठी पोराच्या अंगावर काटा येत नाही. त्याच्यासमोर नुसता डोंगर उरतो, कातळ, गवत, सरडे आणि ऊन. मला हे फार बरे वाटते. निसर्गशिक्षणाला याहून स्वच्छ सुरुवात मिळायची नाही.

पुढची पाने मुलांसाठी, मोठ्यांसाठी आणि सबंध कुटुंबांसाठी डोंगरात होणाऱ्या निसर्गशिक्षणाच्या उपक्रमांविषयी आहेत, आणि त्यांचे केंद्र बेंगळुरू आहे. या प्रस्तावनेत मला एकाच गोष्टीचा आग्रह धरायचा आहे. दूरचा, उंच, नावाजलेला डोंगर एकदा पाहण्यापेक्षा जवळचा साधा डोंगर वर्षभर, ऋतू बदलेल तसा, परत परत पाहणे हे खरे शिक्षण आहे. आणि शिबिर चांगले की वाईट हे ओळखायची माझी कसोटीही तीच आहे. मूल त्याच जागी पुन्हा जायचा हट्ट धरते का?

सुरुवात दगडापासून करू. लालबागेत केंपेगौडाची छोटी बुरुजी ज्या खडकावर उभी आहे त्या खडकाचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या बेसॉल्टचा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झाला, डायनोसॉर संपत आले त्या सुमारास. लालबागेचा खडक घडला तेव्हा डायनोसॉर तर सोडाच, पृथ्वीवर डोळ्यांना दिसेल असा एकही प्राणी नव्हता. रामनगरचा ग्रॅनाइट त्यामानाने धाकटा, अडीचशे कोटी वर्षांचा. भूवैज्ञानिक त्याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात, कारण रामनगरला इंग्रज अमदानीत क्लोजपेट हे नाव होते, बॅरी क्लोज नावाच्या अधिकाऱ्यावरून. पुढे याच कातळांत ‘शोले’चे रामगढ उभे राहिले आणि बहुतेक पालकांना रामनगर एवढ्यापुरतेच ठाऊक असते. मुलांना गब्बर फारसा माहीत नसतो. त्यांच्या बाबतीत तोही अडथळा उरलेला नाही.

सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्याला हे डोंगर आधी चमत्कारिक वाटतात. तिथे एकावर एक रचलेले थर, सरळ तुटलेले कडे, सपाट माथे. इथे गोलाई. तप्त शिलारस जमिनीच्या पोटात, खूप खोलवर, सावकाश गोठला. त्याच्या डोक्यावरची माती आणि खडक कोट्यवधी वर्षांत झिजून वाहून गेले. डोक्यावरचा भार उतरला तसा ग्रॅनाइट किंचित फुगला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे त्याचे पदर सुटू लागले. सावनदुर्गाच्या उतारावर हे पदर हाताने चाचपता येतात. दहा वर्षांच्या मुलाला हा प्रकार समजावून सांगायला वीस मिनिटे पुरतात, फक्त ती त्या खडकावर बसून सांगावी लागतात. वर्गात फळ्यावर सांगितले तर ‘अपक्षय’ एवढा शब्द पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. खिशातून नेलेला सह्याद्रीतला एक काळा दगड इथल्या करड्या-गुलाबी दगडाशेजारी ठेवायचा आणि भिंगातून दोन्हीकडे पाहायला सांगायचे. एकात कण दिसत नाहीत, दुसऱ्यात डोळ्यांनीही चमकताना दिसतात. एक झटकन थंड झाला, दुसरा सावकाश. हे मुले स्वतःच सांगतात.

मग खडकावरचे जीवन. लांबून उघडाबोडका वाटणारा कातळ जवळून पाहिला की भरलेला निघतो. करड्या, पिवळ्या, हिरवट चकत्या म्हणजे दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याचे हे भाऊबंद, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्या चकत्या फार मंद वाढतात. म्हणून कातळावर नाव कोरणारा हात एका झटक्यात काय खरवडून काढतो हे मुलांना निराळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात खडकाच्या खळग्यांत पाणी साचते. त्या वीतभर डबक्यांत बेडकांची पिल्ले असतात आणि त्यांची शर्यत उन्हाशी असते, पाणी आटायच्या आत पाय फुटले तर वाचली. ऑगस्टमध्ये पाहिलेले डबके त्याच मुलांना जानेवारीत पुन्हा दाखवावे. तळाशी फक्त भेगाळलेला गाळ असतो आणि तेव्हा पडणारे प्रश्न ऑगस्टमधल्या प्रश्नांपेक्षा पुष्कळ चांगले असतात.

खडकावरचा सरडा हा तर या डोंगरांवरचा सगळ्यात उपयोगी शिक्षक. एरवी तो खडकाच्याच रंगाचा. विणीच्या हंगामात नराच्या पाठीवर पिवळा-तांबडा पट्टा उमटतो, कडा काळ्याभोर होतात आणि हे रंग तो काही सेकंदांत बदलू शकतो, प्रतिस्पर्धी समोर आला तर एक बाज, मादी आली तर दुसरा. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत मारिया ठाकर आणि अनुराधा बाताब्याल यांनी या सरड्यांचा अभ्यास केला. शहरी वस्तीतल्या नरांचे रंग रानातल्या नरांपेक्षा फिके पडतात, असे त्यांना आढळले. आता हे वाचून कुठल्याही मुलाला घराच्या कंपाउंडवरचा सरडा आणि रामनगरचा सरडा ताडून पाहावासा वाटणारच. त्यासाठी दुर्बीण नको, महागडे बूट नकोत, अर्धा तास हलायचे नाही एवढीच अट आहे. ती मोठ्यांना जास्त जड जाते.

नंदीची गोष्ट वेगळी. तिथे पहाटेच्या गाड्यांची रांग, ढगांचे फोटो, कणसे आणि मॅगी असते. पण माथ्यावर जुन्या झाडांचे दाट, ओलसर रान आहे. हिवाळ्यात तिथे हिमालयाकडून आलेल्या कस्तुरांच्या जाती मुक्कामाला असतात. सह्याद्री-निलगिरीच्या बाहेर सहसा न दिसणारा निलगिरी रानपारवा तिथे भेटतो. खालच्या खडकाळ उतारांवर पीतकंठी बुलबुल, जो दख्खनच्या अशा कातळटेकड्या सोडून कुठे राहतच नाही. हे सगळे खरे असले तरी मी कुटुंबांना नंदीवर न्यायला सांगतो ते पक्ष्यांसाठी नाही, पाण्यासाठी. या डोंगररांगेत अर्कावती उगम पावते, उत्तर आणि दक्षिण पिनाकिनीही याच परिसरातल्या. अर्कावतीवर हेसरघट्टाचा तलाव बांधून १८९४ मध्ये बेंगळुरूला नळाचे पाणी पहिल्यांदा मिळाले. ते अपुरे पडले तेव्हा १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीला, जिथे शिवगंगेवरून आलेली कुमुदवती तिला मिळते, तिथे दुसरा जलाशय झाला. आज शहराची मुख्य तहान कावेरी भागवते, शंभरेक किलोमीटरवरून आणि सुमारे पाचशे मीटर वर उपसून. मग अर्कावतीचे काय झाले? बेंगळुरूच्या ‘अत्री’ संस्थेत शरच्चंद्र लेले, वीणा श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न धसास लावला. पाऊस कमी झाला म्हणून नदी आटली, ही सोपी समजूत त्यांच्या अभ्यासात टिकली नाही. बोअरवेलींचा बेसुमार उपसा आणि निलगिरीच्या लागवडी हे मोठे कारण निघाले. नंदीच्या कठड्यावरून खाली पाहिले की त्या लागवडी, तो उपसा, द्राक्षांचे मळे, कोरडी तळी सगळे एका नजरेत येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ज्या मुलांनी सोसायटीत टँकरची वाट पाहिली त्यांना तिथे उभे करून नळाची गोष्ट सांगितली, तर ती त्यांची स्वतःची गोष्ट होते. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच एम. सी. मेहता खटल्यात दिला होता. त्यातून पाठ्यपुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या, थर्माकोलचे डोंगर आले. २०२० च्या शैक्षणिक धोरणात दप्तराविना दहा दिवसांची सोय आहे. त्यातले दोन नंदीला दिले तरी पुष्कळ.

या प्रकारच्या शिक्षणाची परंपरा आपल्याला परदेशातून उसनी आणायची गरज नाही. कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समध्ये सुरू केलेली ‘आउटवर्ड बाउंड’ची शाळा, डेन्मार्कच्या रानातल्या बालवाड्या, हे सगळे वाचावे, जरूर वाचावे. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. त्या कुरणशाळेत दगड, बिया, पाने, शिंपले हेच साहित्य होते. आजच्या महागड्या ‘नेचर कॅम्प’च्या माहितीपत्रकांत हाच विचार गुळगुळीत कागदावर छापलेला असतो, फक्त गुरे राखणारी मुले त्यात नसतात.

दुसरा धागा पुण्यातून थेट बेंगळुरूला येतो. माधव गाडगीळ चौदा-पंधरा वर्षांचे असताना त्यांना एक वेडा राघू दिसला, शेपटीतली ती लांब काडी नसलेला. हा कोणता पक्षी, म्हणून त्यांनी सालिम अलींना पत्र घातले. उत्तर आले: पिसे झडण्याचा काळ आहे, काडी पुन्हा उगवेल. पुढे हार्वर्डहून परतलेले गाडगीळ १९७३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि १९८३ मध्ये त्यांनी तिथे परिस्थितिकी विज्ञान केंद्र उभे केले. देशातले पहिले जीवावरण राखीव क्षेत्र, निलगिरीचे, १९८६ मध्ये झाले त्यामागे त्यांचे काम होते. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नव्वदच्या दशकात त्यांनी पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांचे शिक्षक आणि विद्यार्थी जोडून जैवविविधतेच्या नोंदींचे जाळे विणले, आणि त्यानंतर गावकऱ्यांनी स्वतः लिहायच्या जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना रुजवली. ‘सह्याचला आणि मी’ या त्यांच्या आत्मकथनात हा सगळा प्रवास आहे. त्या मुलाने पत्र लिहिले आणि त्याला सरळ, बरोबरीच्या नात्याने उत्तर मिळाले, हे मी शिबिर चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मुलाच्या प्रश्नाला ‘छान प्रश्न हं’ म्हणून पुढे जाणारा मार्गदर्शक काही कामाचा नाही. ‘मला माहीत नाही, तू लिहून ठेव, आपण शोधू’ म्हणणारा हवा.

बेंगळुरूत असे लोक आहेत, आणि बरेचसे फुकट भेटतात. इथल्या पक्षीनिरीक्षकांचा क्लब सत्तरच्या दशकापासून आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लालबागेत जमण्याची त्यांची प्रथा कित्येक वर्षांची. कनकपुरा रस्त्यावरच्या कृष्णमूर्ती फाउंडेशनच्या व्हॅली स्कूलचा परिसर पक्षीनिरीक्षकांना वर्ग म्हणून कधीपासून ठाऊक आहे. म्हैसूरला १९९६ मध्ये सुरू झालेल्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या ‘सीझनवॉच’मध्ये मुले एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पाने, फुले, फळे नोंदवतात. झाड बदलायचे नाही. इतका साधा नियम आणि इतका परिणामकारक कार्यक्रम दुसरा मला माहीत नाही. साहसाची हौस असेल त्यांच्यासाठी राज्य सरकारची जनरल थिमय्या साहस अकादमी आहे. तिथे प्रस्तरारोहण नीट शिकवतात.

साहसाचा विषय निघालाच आहे तर तो इथेच उरकतो. निसर्गशिक्षण आणि ट्रेकिंग यांची गल्लत अलीकडे फार होते. ट्रेकमध्ये माथा गाठायचा असतो. निसर्गशिक्षणात माथा राहिला तरी चालतो, आणि हे पैसे भरलेल्या पालकांना पटवणे हे आयोजकाचे सर्वांत अवघड काम. जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला कुमारपर्वतावर इतकी झुंबड उडाली की कर्नाटकाच्या वनखात्याला ऑनलाइन नोंदणीची व्यवस्था होईपर्यंत ट्रेक थांबवावे लागले. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनीजवळ कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर मेले. हंगाम वणव्याचा होता. मुलांना कोरड्या गवतातून नेणाऱ्याने ही तारीख डोक्यात ठेवावी. आमच्याकडच्या कातळांवर दुसरा धोका आग्यामोहोळांचा. अत्तर, धूर, आरडाओरडा यांतले काहीही मधमाश्यांना चालत नाही. रामदेवर बेट्टाला तर आरडाओरड्याला आणखी एका कारणाने बंदी हवी. त्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, म्हणून २०१२ मध्ये तिथे गिधाड अभयारण्य झाले. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने देशभरची गिधाडे संपली, २००६ मध्ये पशुवैद्यकातला त्याचा वापर बंद झाला, तोवर फार उशीर झाला होता. इथे उरलेली जोडपी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दिसतील याची खात्री कुणी देऊ नये, आणि देणाऱ्याच्या शिबिराला जाऊ नये.

मोठ्यांविषयी थोडे कठोर लिहावे लागेल. कौटुंबिक सहलींत मूल बघते आणि बाप उत्तर देतो. मुलाने विचारायच्या आत फोनवरून पक्ष्याचे नाव काढून दिले जाते. नाव मिळाले की बघणे थांबते. आई पाण्याची बाटली, टोपी, सनस्क्रीन यांत गुंतलेली. चांगले आयोजक पहिल्या तासात आईबापांना मुलांपासून वेगळे करतात आणि त्यांनाही वही-पेन्सिल देऊन एका दगडापाशी बसवतात. चाळिशीच्या इंजिनिअरला मुंग्यांची रांग काढायला सांगितली की आधी तो हसतो. नंतर त्याला हाक मारून उठवावे लागते.

आणि डोंगराच्या पायथ्याची मुले? बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान, १९७४ चे, शहराला लागून आहे. शहरातल्या मुलाला तिथला हत्ती म्हणजे नवल; उद्यानाच्या कडेच्या गावातल्या मुलाला तोच हत्ती म्हणजे रात्रीत तुडवलेली नाचणी. दोघांना एकच धडा देता येत नाही. बेंगळुरूच्या सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीजने २०१८ पासून ‘वाइल्ड शाळे’ हा कार्यक्रम अभयारण्यांच्या आसपासच्या गावशाळांत चालवला, तो याच जाणिवेतून: जनावर समोर आले तर काय करायचे, ते आपल्या शेतात का येते, त्याच्याशिवाय रानाचे काय होईल. शहराला हा धडा नको असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बेंगळुरूच्या पूर्व भागातल्या एका शाळेत बिबट्या शिरला. त्याला पकडताना वन्यजीव अभ्यासक संजय गुब्बी जखमी झाले. रविवार होता म्हणून वर्ग रिकामे होते.

पायथ्याच्या माणसाकडून शिकायचे असते हे कन्नड वाचकाला पूर्णचंद्र तेजस्वींनी १९८० मध्येच ‘कर्वालो’ या कादंबरीत दाखवले. तिच्यातला शास्त्रज्ञ घाटातला उडता सरडा शोधायला निघतो ते मंदण्णा नावाच्या, गावाने उनाड ठरवलेल्या माणसाच्या भरवशावर. बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोकांकडे असे मंदण्णा पुष्कळ आहेत. ‘अत्री’च्या संशोधकांनी तिथे त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले आहे. तरीही शहरातून निघणाऱ्या बहुतेक शिबिरांत स्थानिक माणूस असतो तो जेवण रांधायला किंवा सामान वाहायला. त्याला मार्गदर्शकाचे मानधन मिळते का, त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत असते का, आणि तो कन्नडमध्ये बोलतो ते मुलांना कुणी नीट समजावते का, हे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. आपली मराठी मुले बेंगळुरूत वाढताहेत. डोंगरात एक दिवस मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये झाड विचारावे लागले तर त्यांचे भलेच होईल.

पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. घरात पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर लालबागेवरचे प्रकरण आधी घ्या, वरचे डोंगर नंतर. सावनदुर्गाचे प्रकरण वाचताना एक ध्यानात ठेवा, तिथला उतार पावसात निसरडा होतो आणि जून ते ऑक्टोबर लहान मुलांना पायथ्याच्या रानापुढे नेऊ नये. वनखात्याची नोंदणी आणि प्रवेशाच्या वेळा जिथे लागू आहेत तिथे निघण्यापूर्वी पुन्हा तपासाव्यात, कारण त्या बदलत राहतात.